बादलीच्या हिशेबात न बसणारं यंत्र

“हीट पंप बसवा आणि गरम पाण्याचं वीजबिल चौथाईवर आणा.” हे वाक्य आता सिंदी (रेल्वे)पर्यंत येऊन पोचलं आहे. कुणाकडे ते पुण्याच्या जावयासोबत आलं, कुणाकडे अमेरिकेतल्या मुलाच्या फोनवरून, तर कुणाला नागपूरच्या आर्किटेक्टनं नकाशाबरोबर फुकटात दिलं. गावात नवा स्लॅब पडला की घरमालकाला ते ऐकून घ्यावंच लागतं. सोबत एक टोमणाही असतो: जग कुठे चाललंय, आणि तुम्ही अजून गीझरच लावता!

यंत्राशी माझं भांडण नाही. त्याच्या गुणांबद्दल गावात जो विरोध ऐकू येतो तो बहुतेक चुकीचा आहे, आणि आधी तोच बाजूला सारायला हवा. भांडण आहे ते त्या चौथाईशी. कशाची चौथाई, हे विचारायचं सगळे विसरले आहेत.

गावातला विरोध साधारण असा असतो: “आपल्या इकडं कायले पायजे ते? बर्फाच्या देशातलं मशीन आहे ते.” ऐकायला बरं वाटतं, पण विज्ञान नेमकं उलटं आहे. हीट पंपात पाणी तापवणारी कॉइल मुख्य नसते. तो बाहेरच्या हवेतली उष्णता उचलतो आणि पाण्यात नेऊन सोडतो. फ्रिज आपल्या पोटातली उष्णता काढून मागच्या जाळीतून खोलीत टाकतो. इथे जाळीच्या जागी पाण्याची टाकी आहे आणि फ्रिजच्या पोटाच्या जागी अख्खं अंगण. वीज लागते ती कॉम्प्रेसर आणि पंखा फिरवण्यापुरती. ही कल्पना काही कालपरवाची नाही. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखले गेलेले शास्त्रज्ञ, यांनी ती १८५२ मध्येच मांडली होती.

हवा जितकी गरम तितकं या यंत्राचं काम हलकं. पाणी ५५ अंशांवर न्यायचं आहे आणि बाहेर १० अंश असतील, तर निसर्गनियमाच्या कमाल मर्यादेत एका युनिट विजेवर सात युनिटांइतकी उष्णता मिळू शकते. बाहेर ४० अंश असतील तर हाच आकडा बावीसच्या घरात जातो. प्रत्यक्षातली यंत्रं या मर्यादेच्या बरीच खाली राहतात, बाजारातली घरगुती यंत्रं साधारण तिप्पट-साडेतिप्पट देतात. पण कल तोच राहतो. म्हणजे युरोपातल्या थंड शहरात जे यंत्र धापा टाकत चालतं ते वर्धा जिल्ह्यात मजेत चालेल. जानेवारीत पहाटे कडाका असला तरी दुपारी आपल्याकडे २८-२९ अंश असतात. टायमर लावून दुपारी पाणी तापवलं तर हिवाळ्यातही यंत्राला त्रास नाही. तेव्हा “आपल्या हवेत चालत नाही” हा मुद्दा सोडून द्या. आपल्या हवेत ते उत्तम चालतं.

अडचण हवेची नाहीच. अडचण बादलीची आहे.

सिंदीतलं घर घ्या. चार माणसं. आंघोळ बादलीनं, शॉवर असला तरी त्याच्याखाली बादली. हिवाळ्यात टाकीतलं पाणी सकाळी १८ अंशांच्या आसपास असतं आणि आंघोळीला ४२ अंश पुरतात. २० लिटरची एक बादली २४ अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटाहून किंचित जास्त वीज लागते. चार बादल्या आंघोळीच्या आणि एक वरकामाची धरली तर दिवसाचे पावणेतीन युनिट. गीझरचं नुकसान धरून तीन म्हणू. असे दिवस किती? दिवाळीनंतर थंडी पडायला लागते आणि महाशिवरात्र आली की ओसरते. शंभर दिवस धरा. पावसाळ्यातले गारठ्याचे दिवस, घरातलं म्हातारं माणूस, तापातून उठलेलं पोर, हे सगळं मोकळ्या हातानं धरलं तरी वर्षाचे ४०० युनिट होतात.

आता विक्रेत्याचा दावा त्याच्याच तोंडानं मान्य करू. चौथाईवर आणतो म्हणजे तीन चतुर्थांश वाचवतो. ४०० पैकी ३०० युनिट वाचले. महावितरणच्या घरगुती दरात पहिले शंभर युनिट स्वस्त आहेत, शंभराच्या वर गेलं की दर जवळपास दुप्पट होतो. वाचलेला प्रत्येक युनिट वरच्याच टप्प्यातला आहे असं धरू आणि वहन आकार, वीज शुल्क वगैरे मिळून त्याला तेरा रुपये लावू. वर्षाला ३,९०० रुपये. टाकीसकट घरगुती हीट पंप लाखाच्या पुढे जातो. नळजोडणी, चौथरा, स्टॅबिलायझर वेगळे. गीझरची किंमत त्यातून वजा केली तरी पैसे वसूल व्हायला पंचवीसएक वर्षं. या जातीच्या यंत्राचं आयुष्य दहा-पंधरा वर्षं असतं. वसुली व्हायच्या आधी यंत्र भंगारात गेलेलं असेल.

हा हिशेब मी पंप विकणाऱ्याच्या बाजूनं झुकवून केला आहे. खरा हिशेब याहून वाईट येतो, आणि त्याचं कारण आपल्या घरातली एक सवय आहे. गीझर लावायचा, पंधरा-वीस मिनिटांनी बादली भरायची, शेवटची आंघोळ झाली की बटण बंद. बटण चालू राहिलं तर घरात आरडाओरडा होतो. “गीझर चालू हाय ना अजून? कोण न्हाते आता?” या एका वाक्यानं आपल्या घरात जितकी वीज वाचली असेल तितकी फार थोड्या योजनांनी वाचवली असेल. गीझर झटपट तापतो म्हणून हे जमतं. दोन किलोवॉटची कॉइल छोटी टाकी काही मिनिटांत तापवते.

हीट पंपाला हे जमत नाही. तो हळू तापवतो, म्हणून त्याला दीडशे-दोनशे लिटरची टाकी लागते, आणि ती टाकी तापवून ठेवावी लागते. वेष्टण कितीही चांगलं असलं तरी दोनशे लिटर गरम पाणी दिवसभरात दीड-दोन युनिटांइतकी उष्णता हवेत सोडतं. आपल्याला आंघोळीला पावणेतीन युनिटांची उष्णता हवी आणि तिच्या निम्म्याहून जास्त उष्णता नुसती टाकीच्या भिंतीतून जाते. म्हणजे यंत्राला साडेचार युनिटांची उष्णता भरावी लागते, त्याला दीड युनिट वीज लागते. गीझरला तीन लागत होते. चौथाई कुठे गेली? निम्मी बचत उरली. वर्षाला दोनशे युनिट, २,६०० रुपये. आता वसुलीची वर्षं तुम्हीच मोजा. यंत्र घेणाऱ्याच्या नातवाला फायदा होईल.

मोठ्या टाकीचा एक फायदा मात्र कबूल करायला हवा. पहाटे वीज गेली तरी टाकीतलं पाणी गरम असतं, गीझरवाला मात्र ताटकळतो. पण त्याच विजेचा दुसरा स्वभाव पंपाला भोवतो. व्होल्टेज पडलं की गीझरची कॉइल कुरकुरत का होईना तापते, कॉम्प्रेसर बसतो. आणि बसला की? फ्रिज-कूलरचे चांगले मिस्त्री आपल्याकडे आहेत, गॅस भरणं त्यांना येतं. पण या यंत्राचं इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलं तर ते सिंदीत मिळायचं नाही. फोन करायचा आणि नागपूरहून माणूस कधी येतो याची वाट पाहायची. ऐन डिसेंबरात तोवर चुलीवर गंज चढवायचा.

पुढचा मुद्दा मला सगळ्यात गमतीचा वाटतो. यंत्र सर्वांत कार्यक्षम कधी? हवा तापलेली असते तेव्हा. आपल्याकडे हवा कधी तापते? एप्रिल-मे-जून, पारा पंचेचाळीसच्या पुढे. आणि त्या दिवसांत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी अंगावर घ्यावं तर चटका बसतो. सकाळी सहाला भरून ठेवलेली बादली हीच तेव्हाची चैन. म्हणजे यंत्राचा उत्तम काळ आणि आपली गरज यांची गाठच पडत नाही. विक्रीपत्रकात एक वाक्य हटकून असतं: यंत्रातून थंड हवा बाहेर पडते, ती स्वयंपाकघरात सोडा, एसीचा खर्च वाचवा. बाहेर थंड हवा पडते हे खरंच आहे. पण ती पडते पाणी तापत असताना. मे महिन्यात पाणी तापवायचं नाही तर थंड हवा येणार कुठून? आणि जानेवारीत पाणी तापवताना ती येईल तर स्वयंपाकघरात कुणाला हवी आहे? कूलरच्या जाळ्या बदलायला निघालेल्या माणसाला हे पत्रक वाचायला द्यावं, घटकाभर करमणूक होईल.

मग जगभर लोक हे यंत्र का घेतात? ते काही वेडे नाहीत. ते वेगळ्या तऱ्हेनं न्हातात.

अमेरिकेतल्या घरात गरम पाण्याची टाकी पन्नास गॅलनची असते, म्हणजे १९० लिटर. ती चोवीस तास तापलेली असते आणि बटण बंद करायची रीतच नाही. रोजचा शॉवर, भांडी धुण्याचं यंत्र, कपड्यांचं यंत्र, सगळ्यांना तिथूनच गरम पाणी. विजेवरची अशी टाकी वर्षाला साडेतीन हजार युनिटांच्या आसपास खाते. आपले ४०० आणि त्यांचे ३,५००! तिथे हीट पंप लावला की दोन हजारांहून जास्त युनिट वाचतात, टाकी आधीपासून मोठीच असल्यानं तिची गळती नव्यानं सोसावी लागत नाही, आणि काही वर्षांत पैसे वसूल. म्हणून तिथल्या ऊर्जा खात्यानं २०२४ साली नियम काढला, की २०२९ पासून विजेच्या बहुतेक मोठ्या टाक्यांना हीट पंपानंच गाठता येईल अशी कार्यक्षमता लागेल. न्यू जर्सीतल्या मराठी घरानं हीट पंप लावला तर शहाणपणाचं केलं. त्या शहाणपणाचा आकडा मात्र त्यांनी फोनवरून सिंदीला पाठवू नये.

जपानची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिथे २००१ साली घरगुती हीट पंप बाजारात आले, ‘इकोक्यूट’ या नावानं, आणि आजवर लाखो घरांत लागले. तिथलं घर रोज रात्री टब भरतं, आधी बाहेर अंग धुऊन सगळे एकामागून एक त्याच पाण्यात बसतात. म्हणजे रोज एकाच वेळी दीड-दोनशे लिटर कडक पाणी हवंच. शिवाय रात्रीची वीज स्वस्त होती, म्हणून यंत्र रात्री टाकी तापवून ठेवी. टब, रात्रीचा दर आणि यंत्र यांची सांगड तिथे बसली. आपल्याकडची सांगड बादली, तांब्या आणि बंद केलेलं बटण अशी आहे. पाण्याच्या वापरात ही जगातली काटकसरीची रीत आहे आणि तिच्यापुढे कार्यक्षम यंत्राला वाचवायला फारसं काही उरत नाही. यात आपण मागासलेले कसे ठरलो, हे मला कळलेलं नाही.

आता यावर एक उत्तर येतं, आणि ते मनावर घेण्यासारखं आहे. पैशाचं सोडा, पर्यावरणाचं काय? वीज शेवटी कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या कोळशातून येते. औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांश वीज होते, बाकीची धुरांड्यातून आणि कूलिंग टॉवरमधून उडून जाते. ती मोलाची वीज परत पाणी तापवायला जाळायची म्हणजे उधळपट्टीच. हीट पंप वाया गेलेले दोन भाग हवेतून परत गोळा करतो. युक्तिवाद देखणा आहे आणि त्यात चूक काही नाही. नागपूर-चंद्रपूरच्या राखेशेजारी राहणाऱ्या माणसांना तो सांगावा लागत नाही, ते ती राख अंगणातून झाडतात.

फक्त त्याच्यापुढे रकमेचा प्रश्न ठेवा. आपल्या हिशेबात हीट पंपानं वर्षाला दोनशे युनिट वाचले. भारतातल्या ग्रिडची वीज युनिटमागे सुमारे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड सोडते, म्हणजे दीडशे किलोची बचत. तेच लाखभर रुपये छतावरच्या सौर पॅनेलला लावले तर? पंतप्रधान सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे तीस हजार आणि तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. अनुदान धरता लाखभरात दोन किलोवॉट सहज बसतात. आपल्या उन्हात एक किलोवॉट दिवसाला चारेक युनिट देतं. दोन किलोवॉटचे वर्षाला अडीच हजारांच्या पुढे. दोनशे युनिट आणि अडीच हजार युनिट! कोराडीचा धूर कमी करायची ज्याला खरीच तळमळ आहे त्यानं लाख रुपये कुठे टाकावेत हे आणखी कुणी सांगायला नको.

आणि पॅनेल बसले की हीट पंपाचं उरलंसुरलं गणितही विरघळतं. दिवसा छतावर वीज तयार होत असताना साधा गीझर टायमरनं दुपारी लावला, पाणी चांगल्या वेष्टणाच्या टाकीत ठेवलं, तर वाचवायला उरलं काय? स्मार्ट मीटरवाल्या ग्राहकांना दिवसाच्या वापरावर युनिटमागे सवलतही सुरू झाली आहे. ‘सौर पॅनेलसोबत हीट पंप’ ही जोडी पत्रकात छान दिसते. प्रत्यक्षात पहिल्यानं दुसऱ्याची गरज खाऊन टाकलेली असते.

पहाटेच्या लोडचा मुद्दाही काढला जातो. थंडीत सकाळी सहा ते आठमध्ये सगळ्या गीझरांनी एकदम वीज ओढली की ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो, हे बरोबर. यातले खरे गुन्हेगार ते तीन लिटरचे ‘इन्स्टंट’ डबे आहेत, तीन-तीन किलोवॉट ओढणारे. पण त्याचा इलाज टायमरचा आहे आणि टायमर हजार-दोन हजारांत येतो.

सर्वांत जास्त आश्चर्य मला याचं वाटतं, की हीट पंपाचे प्रचारक सोलर वॉटर हीटरचं नाव घेत नाहीत. घेतलंच तर “जुनं तंत्र” म्हणून उडवतात. मुंबई-कोकणात ढगांचे महिने लांबतात, तिथे त्यांचं काही अंशी खरं. वर्ध्याचा हिवाळा पाहा. डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र, दिवसभर कोवळं पण स्वच्छ ऊन. नेमकं जेव्हा गरम पाणी लागतं तेव्हा ऊन हजर. शंभर लिटरचा काचेच्या नळ्यांचा सोलर हीट पंपाच्या पाचव्या हिश्श्यात येतो आणि त्याला वीज लागत नाही, कार्ड लागत नाही, कॉम्प्रेसर लागत नाही. संध्याकाळी तापलेलं पाणी सकाळी काही अंशांनीच उतरलेलं असतं.

त्याला अडचणी नाहीत असं नाही. काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी जड असतं, क्षार धरतं, नळ्या आणि टाकी आतून पांढरी पडते. वर्षा-दोन वर्षांनी साफ करावी लागते. फेब्रुवारी-मार्चात गारपीट झाली तर नळ्या फुटतात. आणि माकडं! विदर्भात सोलर बसवणाऱ्यानं माकडांचा विचार केला नाही तर पहिल्याच वर्षी त्याला नळ्यांचे भाव तोंडपाठ होतात. वरून लोखंडी जाळी बसवावी लागते, तिला चारदोन हजार जातात. पण या सगळ्या अडचणींचा इलाज गावातला वेल्डर आणि नळवाला करू शकतो. जड पाणी हीट पंपाच्या टाकीलाही सोडत नाही, तिथे फक्त मिस्त्री दूर असतो.

आता ज्या घरांबद्दल या सगळ्या चर्चेत कुणी बोलतच नाही त्या घरांकडे येऊ. कापसाची उलंगवाडी झाली की पऱ्हाट्या उपटून त्यांचे ढीग अंगणात, सांदवाडीत येऊन पडतात. तुराट्या येतात. सिंदीच्या जुन्या वस्तीत आणि आजूबाजूच्या खेड्यांत थंडीत पाणी तापतं ते अजून याच इंधनावर. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, सिलिंडर घरात आले. पण सिलिंडर स्वयंपाकाला पुरवून वापरायचा असतो, आंघोळीच्या पाण्याला तो कोण जाळणार? पहाटे बाईच उठते, पऱ्हाटी पेटवते, डोळे चोळत फुंकणी मारते. गीझर विरुद्ध हीट पंप या वादात तिचं नावही नाही. उद्या कुणी हीट पंपाला सरकारी अनुदान मागितलं, तर ते लाखाची वस्तू घेऊ शकणाऱ्याच्याच घरात जाणार आणि फुंकणी जिथली तिथे राहणार. म्हणून घरगुती हीट पंपाच्या अनुदानाला माझा विरोध आहे, आणि तो सौम्य नाही.

या जिल्ह्याला हा विचार नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला, जे. सी. कुमारप्पा त्याचे चालक. तिथल्या प्रयोगांतून मगन चूल निघाली: धुराडं असलेली, कमी लाकडात जास्त काम करणारी. तिच्याही आधी आपल्या चुलीला वैल होताच. भाकरी तव्यावर असताना उरलेली धग वैलावरच्या पाण्याला मिळायची, पाणी वेगळं इंधन न घालता कोमट व्हायचं. वाया जाणारी उष्णता पाण्यात घ्यायची हे तत्त्व लाखाच्या यंत्रासोबत गावात आलं असं ज्यांना वाटतं त्यांनी आजीच्या चुलीकडे एकदा पाहायला हवं होतं. आजही त्या बाईला धुराडं असलेली चूल, नाहीतर वस्तीतल्या चार घरांत मिळून एक सोलर, यातून जेवढा आराम मिळेल तेवढा कुठल्याच कॉम्प्रेसरमधून मिळणार नाही.

हीट पंपाची जागा आहे, आणि ती मोठी आहे. फक्त ती घरात नाही. जिथे दिवसाला हजारो लिटर गरम पाणी लागतं तिथे ती आहे. वर्धा परिसरात अशी ठिकाणं थोडी नाहीत: सेवाग्राम आणि सावंगी (मेघे)ची वैद्यकीय महाविद्यालयं आणि रुग्णालयं, आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयासारख्या संस्थांची वसतिगृहं, आश्रमशाळा, लॉज, लग्नसराईतली मंगल कार्यालयं. तीनशे मुलांच्या वसतिगृहाचा हिशेब मांडा. माणशी एक बादली म्हणजे सहा हजार लिटर, थंडीत रोज १६५ युनिटांच्या आसपास उष्णता. हीट पंपानं रोज शंभराहून जास्त युनिट वाचतात. मोठ्या टाकीत लिटरमागे गळती कमी, यंत्र दिवसभर कामात, देखभालीला संस्थेचा माणूस. इथे वसुली दोन-चार वर्षांत होते. रुग्णालयात तर उन्हाळ्यातही गरम पाणी लागतं, आणि निघणारी थंड हवा मे महिन्यात कुणाला नको असेल? घरात एकमेकांना चुकवणारे यंत्राचे दोन्ही गुण इथे एकत्र येतात. सार्वजनिक पैसा द्यायचाच असेल तर इथे द्यावा.

घरांतही अपवाद आहेत. बारा-पंधरा माणसांचं एकत्र कुटुंब, वर्षभर गरम पाण्यानं न्हाणारी म्हातारी मंडळी, किंवा घरालाच लागून दवाखाना, अशा ठिकाणी हिशेब पुन्हा मांडून पाहावा. तो जुळूही शकतो. आणि कुणाला निव्वळ हौस असेल तर प्रश्नच मिटला. सिंदीत तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी सजवताना माणसं हात आखडता घेत नाहीत आणि घेऊही नये. हौसेला मोल नसतं. पण नंदी घेणारा कधी “यातून वीजबिल वाचेल” असं म्हणत नाही.

नवं घर बांधणाऱ्याला, आर्किटेक्टनं विचारलं नसेल तरी, माझ्याकडून दोन-तीन गोष्टी. गच्चीच्या दक्षिण बाजूला सावली न पडणारी जागा मोकळी ठेवा, पाण्याची टाकी तिथे चढवू नका. गरम पाण्याची लाइन गच्चीपासून न्हाणीपर्यंत शक्य तितक्या जवळून आणा. दहा मीटर उघडा पाइप असेल तर प्रत्येक आंघोळीआधी थंड झालेलं पाणी मोरीत सोडावं लागतं आणि कुठल्याही यंत्राची बचत तिथेच वाहून जाते. पाइपाला फोमचं वेष्टण करा, प्लास्टर करायच्या आधी. नंतर भिंत फोडायची कुणाची तयारी नसते. न्हाणीत पंधरा किंवा पंचवीस लिटरचा पाच स्टारचा गीझर, त्याला टायमर, आणि बटण बंद करायला घरातला कुणीतरी आवाज चढवणारा.